फरक: निरंक

दोन कागद शेजारी-शेजारी दिसले की लीलाधर महाजनांना त्यांतला फरक काढल्याशिवाय चैन पडत नसे. नेपानगरच्या एका कार्यालयात एकतीस वर्षं त्यांनी नकला ताडण्याचंच काम केलं. मूळ कागद डावीकडे, टाईप केलेली नक्कल उजवीकडे, मधे पोलादी पट्टी, कानावर लाल पेन्सिल. ओळ ओळीला जुळली की खाली हिंदीतला शिक्का, ‘मूल प्रति से मिलान किया’, आणि त्याखाली सही. ती सही करताना त्यांची छाती जेवढी फुगायची तेवढी, भागाबाईंच्या मते, स्वतःच्या लग्नातही फुगली नव्हती.

“मला बघायला आले तेव्हा,” भागाबाई कुणालाही सांगतात, न विचारता, “माझ्याकडं कमी अन् माझ्या मार्कशीटकडं जास्त बघत होते. आमच्या दादांनी पत्रात लिहिलेलं, बी.ए. सेकंड डिव्हिजन. मार्कशीटवर थर्ड. भर बैठकीत बोट ठेवलं हो! सगळ्यांचे पोहे हातात तसेच.”

“मग मोडलं का लग्न?”

“कुठलं माझं एवढं नशीब! पत्र दुरुस्त करून घेतलं, मग ठरल्याचा नारळ दिला.”

रिटायर होऊन बुऱ्हाणपूरच्या घरात येऊन बसले आणि सहा महिन्यांत त्यांनी घर ताडून संपवलं. मग गल्ली घेतली. समोरच्यांकडे लग्न निघालं, तेव्हा आपल्याला आलेली पत्रिका आणि कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना आलेली पत्रिका मांडीवर ठेवून बसले. डॉक्टरांच्या पत्रिकेत ‘सहकुटुंब भोजन’ होतं, यांच्यात नुसतं ‘शुभाशीर्वाद’. पत्रिका घेऊन हे समोरच्यांच्या दारात. “छापखान्याची चूक झालीय, एक ओळ गळली.” समोरच्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. जेवण मिळालं, बोलणं बंद झालं.

त्याच आठवड्यात भागाबाई वसंतभाऊंच्या पाईपच्या दुकानात गेल्या. वसंतभाऊ समाजाचे अध्यक्ष. “भाऊ, यांना काहीतरी काम लावा. नाहीतर मी तरी तापीत उडी मारते, नाहीतर यांना तरी ढकलते.”

वसंतभाऊंकडे काम तयारच होतं, कारण ते दुसरं कुणी घेत नव्हतं. दरवर्षी राजघाटाजवळच्या समाजभवनात उपवर मुलामुलींचं परिचय संमेलन भरतं आणि त्याची एक पुस्तिका निघते: फोटो, जन्मतारीख, उंची, शिक्षण, नोकरी, सगळं एका चौकटीत. आदल्या वर्षी त्या पुस्तिकेत तुषार नावाच्या मुलाच्या फोटोखाली भलत्याच मुलीची माहिती छापली गेली. ‘गृहकृत्यदक्ष, भरतकामाची आवड.’ तुषारला तीन स्थळं आली, पण समाजाची शोभा झाली ती झालीच.

“यंदा तुम्ही बघा लीलाधरभाऊ,” वसंतभाऊ म्हणाले. “तुमच्या हातून काना-मात्रा सुटत नाही.”

दिवाळीला पुण्याहून पुतणी आली होती, निशा. ती कंपनीत सॉफ्टवेअर लिहिते. काकांची पट्टी आणि दोनशे चौदा फॉर्मांचा गठ्ठा बघून तिला कीव आली. समाजभवनातला लॅपटॉप तिनं पुढ्यात ओढला.

“काका, याला म्हणायचं गिट. एका माणसाची एक फाईल, एका ओळीत एकच माहिती. तुम्ही काम जतन केलं की त्या घडीची आख्खी प्रत हा आत ठेवून देतो, तारीख, वेळ अन् करणाऱ्याचं नाव टाकून. मग तुम्ही विचारायचं, डिफ. मतलब, काय फरक पडला ते दाखव.”

तिनं एका मुलाचा ‘गोरा’ पुसून ‘गहुवर्णी’ केला आणि दोन शब्द टाईप केले. पडद्यावर एक ओळ लाल उमटली, वजाचं चिन्ह लावून. तिच्याखाली एक हिरवी, अधिकचं चिन्ह लावून. लाल म्हणजे आधी होतं ते, हिरवी म्हणजे आता आहे ते.

“अन् ह्या पांढऱ्या? वर तीन, खाली तीन?”

“त्या बदलल्या नाहीत. फरक कुठं झाला ते कळावं म्हणून आजूबाजूच्या दाखवतो.”

“पंच,” लीलाधर म्हणाले. “पंचनाम्याला शेजारचे चार लोक उभे करतात तसे. अन् ह्या कोपऱ्यातल्या जिलब्या, ‘@@’?”

“कितव्या ओळीपासून बघायचं ते सांगतात.”

लीलाधरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “एकतीस वर्षं मी पट्टी सरकवली. अन् हा एका फुंकरीत?”

“सॉरी काका.”

“सॉरी काय! इतकी वर्षं होतीस कुठं?”

“काका, मी जन्मायची होते.”

मग त्यांनी सगळे फॉर्म एका बोटानं टाईप केले, पट्टी लावून ताडले आणि ती पहिली प्रत जतन केली. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी स्वतःहून गोड मागून खाल्लं. लाईटीचा भरवसा नाही म्हणून निशानं आणखी एक सोय करून दिली: रोज संध्याकाळी सातला दिवसभराचं काम आपोआप जतन होणार. मग ती पुण्याला गेली. फोटो चिकटवायला, जाहिराती लावायला दुपारी चार ते सात समाजाची माणसं यायची. त्यांची अडचण नको म्हणून लीलाधरांनी लॅपटॉपचा पासवर्ड कागदाच्या चिठ्ठीवर लिहून पडद्याखाली चिकटवला. समाजाचं काम, त्याला कुलूप कशाला?

ते स्वतः सकाळी नऊला यायचे. दारात चप्पल काढायचे, हात धुवायचे, दोन शब्द टाईप करायचे. पडदा कोरा. मग रजिस्टरात तारीख घालून लिहायचे, ‘फरक: निरंक’, आणि सही. नऊ ते एक ते फॉर्मांच्या कपाटासमोर बसत आणि लोकांना परत पाठवत.

“भाऊ, आमच्या चारुलताची उंची पाच-एक लिहिलीय,” रजनीबाई म्हणाल्या. “पाच-तीन करा ना.”

“मोजली?”

“मोजली. सँडल घालून.”

“मग सँडलचा वेगळा फॉर्म भरा.”

“असं काय करता! सगळेच वाढवतात.”

“फॉर्मवर सही कुणाची? तुमची. सही केल्यावर माणूस वाढत नाही रजनीबाई.”

कुणाला ‘दुकानात कामाला’चं ‘व्यवसाय’ करून हवं होतं, कुणाला ‘बारावी’पुढे ‘पास’. सगळे हिरमुसून जात. पण दोन दिवसांनी तेच लोक बाजारात भेटले की हसून नमस्कार करत, पोरंबाळं कशी आहेत विचारत. लीलाधरांना वाटायचं, समाज सुधारतोय.

बावीस दिवस असे गेले. बुधवारी पुस्तिका छापून आली. गुरुवारी सकाळी बहादरपूरचे कडूभाऊ मावा जिलेबीचा पुडा घेऊन समाजभवनात आले. केळीवाला माणूस, आवाज आख्ख्या शेताला पुरेल असा.

“लीलाधरभाऊ, तोंड उघडा! आपल्या गायत्रीचं जमलं!”

“वा! कुठं?”

“वसंतभाऊंचा भाचा. मयूर, इंदूरचा. वसंतभाऊनी मले सोता फोन केला. म्हने रविवारी संमेलनात स्टेजवरच नारळ देऊ, समाजापुढं पहिला मान तुमचा. मी म्हटलं, पुस्तिकेत पाहू द्या. पाहिलं. एकशे सतरा नंबर. अविवाहित, नोकरी पक्की, व्यसन नाही. आता तुमी ताडलेली पुस्तिका म्हनल्यावर मी कोनाला इचारू? इंदूरले कोन जाईन चौकशीले?”

जिलेबीचा तुकडा लीलाधरांच्या तोंडात तसाच राहिला. तो फॉर्म त्यांना चांगला आठवत होता. बाकीचे लोक जो रकाना कोरा सोडतात तोच त्या मुलानं स्वच्छ अक्षरात भरला होता, आणि खाली रेघ मारली होती. घटस्फोटित.

“कडूभाऊ, पोरीला पसंत आहे?”

“दोनदा फोनवर बोलली. म्हने, मानूस बरा वाटतो, पन गप आहे. गप असला तर काय वाईट? आमच्या घरात मी एकला बोलतो तेवढं पुरतं.”

कडूभाऊ गेल्यावर लीलाधरांनी कपाट उघडलं. फॉर्म: घटस्फोटित. पुस्तिका: अविवाहित. लॅपटॉपवर दोन शब्द टाईप केले. पडदा कोरा. पुन्हा केले. कोराच. त्यांनी निशाला फोन लावला.

“तुझं यंत्र खोटं बोलतं.”

“काका, तुम्ही कशाशी ताडताय?”

“कशाशी म्हणजे? मुळाशी!”

“नाही ना. नुसतं डिफ म्हटलं की तो शेवटच्या जतन केलेल्या प्रतीशी ताडतो. चार ते सात लोक बसून जे बदलतात ते सातला जतन होऊन जातं. तुम्ही सकाळी येऊन काल सातचं आज नऊशी ताडता. त्या वेळात तिथं कोण असतं?”

“कुणी नाही. उंदीर.”

“मग बावीस दिवस तुम्ही उंदरांवर पहारा दिला.”

लीलाधर खुर्चीत बसले. निशानं पहिल्या दिवसाच्या प्रतीचा नंबर शोधायला सांगितला आणि आजची प्रत तिच्याशी ताडायला लावली. एंटर दाबल्याबरोबर पडदा तापीच्या पुरासारखा वाहायला लागला. लाल, हिरवी, लाल, हिरवी. दोनशे चौदांपैकी एकसष्ट माणसं बदलली होती. चारुलता पाच-तीन झाली होती. एक जण ‘सावळा’चा थेट ‘गोरा’ झाला होता, मधे ‘गहुवर्णी’वर न थांबता. तुषारचं टक्कल ‘उंच कपाळ’ झालं होतं. कुणाची बारावी पास झाली होती, परीक्षेशिवाय.

“कुणी केलं हे सगळं? नावं असतात म्हणालीस ना. वाच म्हणावं.”

निशानं सांगितलेली यादी त्यांनी उघडली. प्रत्येक तारखेपुढे एकच नाव होतं. लीलाधर महाजन. लीलाधर महाजन. लीलाधर महाजन.

“लॅपटॉपवर नाव तुमचंच आहे ना काका,” निशा हळूच म्हणाली. “जो बसेल तो तुमच्या नावानं. टेन्शन नका घेऊ, मी समजावते सगळ्यांना.”

“तू काय समजावणार? रेकॉर्ड आहे ते.”

शुक्रवारी ते वसंतभाऊंच्या दुकानात गेले. वसंतभाऊंनी चहा मागवला, फॉर्म बघितला आणि पाईपच्या भेंडोळ्यावर उलटा ठेवला.

“आठ महिन्यांचं लग्न हो ते! सर्दीसुद्धा जास्त टिकते. पोरानं भोळेपणानं लिहिलं, आम्ही दुरुस्त केलं.”

“कडूभाऊंना सांगा मग. तोंडानं सांगा, मी पुस्तिकेचं बघतो.”

“नारळ झाल्यावर सांगू की. एकदा पोरं एकमेकांना आवडली म्हणजे...”

“आधी सांगा.”

वसंतभाऊंनी बशीत चहा ओतला. “बरं, सांगा तुम्हीच. लोक विचारतील, कुणी बदललं? तुमच्या त्या मशीनमध्ये नाव कुणाचं आहे? माझं आहे का? काल दुपारी भवनात बसणारी पोरं मला सांगत होती, सगळीकडं लीलाधर महाजनच येतं म्हणे. एकसष्ट ठिकाणी! समाज काय म्हणेल भाऊ? म्हणेल, म्हाताऱ्यानं घरोघरचे लाडू खाऊन पोरींच्या उंच्या वाढवल्या.”

चहा न पिता लीलाधर घरी आले. बाहेर पडताना त्यांनी दुकानाच्या पाटीवरचा आणि पावतीवरचा फोन नंबरसुद्धा ताडला नाही, इतकी वाईट अवस्था होती. भागाबाई पोळ्या लाटत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं.

“मग काय करणार?”

“सगळे एकसष्ट छापतो. शुद्धिपत्र. होतं काय, झालं काय.”

“सगळे?” भागाबाईंचं लाटणं थांबलं.

“सगळे. अठ्ठ्याऐंशी नंबरसुद्धा.” अठ्ठ्याऐंशी नंबर म्हणजे पूजा, भागाबाईंच्या बहिणीची मुलगी. “तिची उंची दोन इंच वाढलीय, अन् जन्मसाल दोन वर्षं पुढं सरकलंय.”

भागाबाईंनी पोळी तव्यावर टाकली. “काळ पुढंच सरकतो.”

“तू समाजभवनात कधी गेलतीस?”

“हळदीकुंकवाला. पासवर्ड पडद्याखालीच होता. थर्ड डिव्हिजन असले तरी वाचता येतं मला.”

पोळी फुगली, खाली बसली, करपायला लागली.

“हे बघा,” भागाबाई म्हणाल्या, आता आवाज वेगळा होता. “पोरगी सावळी का गोरी, उंच का बुटकी, ते समोर आल्यावर दिसतं. त्याला तुमचं यंत्र कशाला? डोळे आहेत लोकांना. आणि तुमच्या कागदावर ‘सावळी’ छापून आलं की त्या चाळीस पोरींनी तोंड कुठं लपवायचं? त्यांनी थोडंच बदललंय? आयांनी बदललंय. माझ्यासारख्यांनी.”

लीलाधरांनी ताटातली पोळी मोडली. “डोळ्याला दिसत नाही ते छापतो. वय, शिक्षण, नोकरी, आधीचं लग्न.”

“मग पूजाचं वय?”

“डोळ्याला दिसतं का?”

“माझ्या बहिणीला काय तोंड दाखवू मी?”

“तुझंच दाखव. ताडलेलं आहे.”

त्या दिवशी त्यांना दुसरी पोळी मिळाली नाही. त्यांनी मागितलीही नाही.

शनिवारी झेरॉक्सच्या दुकानात एका पानाच्या दोनशे प्रती निघाल्या. वर ‘शुद्धिपत्र’. खाली नऊ नोंदी, प्रत्येकीपुढे दोन रकाने: फॉर्मवर आहे, पुस्तिकेत छापले गेले. त्याखाली, ‘सदर सर्व बदल संगणकात माझ्या नावाने नोंदले आहेत. त्यांपैकी एक माझ्या घरातून झाला. संगणक उघडा ठेवणे आणि बावीस दिवस चुकीच्या प्रतीशी ताडणे, या चुका माझ्या. मूळ फॉर्म पाहण्यास उपलब्ध.’ आणि सही.

रविवारी समाजभवनात साडेतीनशे माणूस. लीलाधर स्वतः दारात उभे राहून प्रत्येक पुस्तिकेत एक पान घालत होते. दहा मिनिटांत भवनाचं मधमाश्यांचं पोळं झालं. कुणी ‘बारावी’वाल्याला शोधत होतं, कुणी पूजाच्या आईला. पूजाची आई भागाबाईंकडे पाठ करून बसली होती आणि भागाबाई त्या पाठीशी बोलत होत्या. वसंतभाऊंनी माईक हातात घेतला.

“समाजबंधूंनो, शांत! एका जबाबदार माणसाच्या हातून गडबड झाली आहे. मशीन खोटं बोलत नाही. मशीनमध्ये नाव कुणाचं आहे, विचारा त्यांनाच!”

माना वळल्या. लीलाधर दारातच होते, हातात पानांचा गठ्ठा.

“माझं आहे,” ते म्हणाले. “पानावर लिहिलंय. खालून तिसरी ओळ.”

माणसानं आधीच कबूल केल्यावर त्याला पकडायचं कसं, ते वसंतभाऊंना सुचेना. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून कडूभाऊ उठले. पिशवीतला नारळ त्यांनी हातात घेतला होता, आणि तो देण्यासाठी धरलेला वाटत नव्हता.

“पाहुने कुठं आहेत? मयूर! उभे राहा जरा. हे घटस्फोटित तुमी लिहिलं का यंत्रानं?”

स्टेजच्या कडेला एक उंच, वाकलेला मुलगा उठला. “मी लिहिलं. मामा म्हणाले, राहू दे, मी बघतो.”

“आणि मला दोनदा फोन केला तेव्हा?” हा आवाज गायत्रीचा. ती बहादरपूरच्या एका शाळेत गणित शिकवते. वर्गाला विचारावं तसं तिनं विचारलं. “तेव्हापण मामा शेजारी होते का?”

“नाही,” मयूर म्हणाला. “तेव्हा घाबरलो.”

वसंतभाऊंनी माईकवर दोनदा टिचकी मारली आणि जाहीर केलं की पुढचा कार्यक्रम जेवणानंतर होईल, आणि लीलाधर महाजन या क्षणापासून समितीवर नाहीत. टाळ्या थोड्या वाजल्या. बहुतेक जेवणासाठी.

गायत्री लीलाधरांजवळ आली. “काका, यांचा मूळ फॉर्म बघू. छापलेलं नको.”

“इथंच वाचायचा. मूळ कागद माझ्या नजरेआड जात नाही.”

ती मागच्या बाकावर फॉर्म घेऊन बसली, शेजारी पुस्तिका उघडून. बोट या ओळीवरून त्या ओळीवर. लीलाधर शेजारी उभे. चार हात अंतरावर मयूर, त्याच्यामागे कडूभाऊ नारळासकट.

“काका, शुद्धिपत्रात नऊच फरक आहेत?”

“नऊ. डोळ्याला न दिसणारे.”

“मग हे? फॉर्मवर आवडीपुढं लिहिलंय, ‘विशेष काही नाही’. पुस्तिकेत आलंय, ‘वाचन, प्रवास, समाजसेवा’.”

लीलाधर खाली वाकले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ती ओळही पडद्यावरच्या त्या लाल-हिरव्या पुरात होती. उंच्या आणि रंग बाजूला काढताना तीही त्यांच्या हातून बाजूला गेली होती.

“खरं कुठलं?” गायत्रीनं मान वर करून मयूरला विचारलं.

“हातानं लिहिलेलं.”

“विशेष काही नाही?”

“नाही. कामावरून येतो, जेवतो. मॅच असली तर बघतो. झोपतो.”

गायत्रीनं फॉर्म न दुमडता परत दिला. “बाबा, नारळ पिशवीत ठेवा. घरी चटणी करू. यांना पुढच्या रविवारी चहाला बोलवा, मग बघू. एकटे या म्हणावं. मामांशिवाय.”

“अन् नाही पटलं तर?” कडूभाऊ म्हणाले.

“तर चहा पिऊन जातील.”

लीलाधरांचं तिकडे लक्ष नव्हतं. उरलेली शुद्धिपत्रं बाकावर पसरून ते पेनानं प्रत्येक पानावर नववीखाली दहावी ओळ लिहायला बसले होते. दारातून जेवायला निघालेल्या लोकांच्या हातातली पानंसुद्धा त्यांनी परत मागायला सुरुवात केली.

“अहो, सोडा ना आता,” भागाबाई म्हणाल्या. “समितीतून तर काढलं तुम्हाला.”

“समितीचा काय संबंध?” लीलाधर मान वर न करता म्हणाले. “सही माझी आहे.”